आधी हात, मग पाय

बद्रीनाथ शेजुळांनी उभ्या आयुष्यात एकही काम अर्धवट सोडलं नव्हतं. कारण सोपं होतं. त्यांनी फारशी कामं हाती घेतलीच नव्हती. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली ती दुसऱ्याच्या कामातल्या त्रुटी शोधण्यात. 'सोबतचा अर्ज त्रुटींच्या पूर्ततेसाठी परत', हा शेरा त्यांनी इतक्या वेळा मारला होता, की एकदा घरी आलेल्या लग्नपत्रिकेवरही सवयीनं लिहिला गेला. मुलीकडच्यांनी बरेच दिवस मनात धरलं होतं म्हणतात.

असा हा माणूस निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी, श्रावणातल्या एका दुपारी, छावणीतून छोटा हत्ती टेम्पो भाड्यानं करून सिडकोतल्या आपल्या घरी एक वस्तू घेऊन आला. वस्तूला चार पाय होते, वर लांबट लाकडी पेटी होती, पेटीवर आठ तारांच्या जागा होत्या आणि खाली गंजलेलं एक लोखंडी पायडल लोंबत होतं. त्याच्या शेजारी आणखी दोन पायडलांच्या जागा रिकाम्या होत्या, दात पडल्यासारख्या.

शेजारचे बिभीषणतात्या फाटकात उभेच होते. तात्यांनी एसटीत बत्तीस वर्षं स्टिअरिंग धरलं होतं आणि आता गल्लीची वाहतूक सांभाळत होते. त्यांनी वस्तूभोवती एक फेरी मारली.

"इस्त्रीचं टेबल लई जुनं दिसतंय, शेजूळसाहेब."

"गिटार आहे ही," बद्रीनाथ म्हणाले. "पेडल स्टील गिटार."

तात्यांनी आणखी एक फेरी मारली. "गिटार गळ्यात असती ना? ह्याच्यात गळा कुठून घालायचा?"

बद्रीनाथांनी रुमालानं पेटी पुसायला घेतली. काही माणसांना उत्तर देणं म्हणजे कालव्याला पाणी शिकवणं, असं त्यांचं मत होतं. तसं सांगायला सोपं आहे. ही गिटार मांडीएवढ्या उंचीवर आडवी असते आणि माणूस तिच्यामागं खुर्चीवर बसतो. उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या, डाव्या हातानं तारांवर एक गुळगुळीत पोलादी कांब सरकवायची, आणि पायानं पायडल दाबायचं. पायडल दाबलं की एखादीच तार ताणली जाते, तिचा सूर चढतो, बाकीच्या जागच्या जागी राहतात. कानाला असं वाटतं, की चार माणसं बसलीत आणि त्यातलं एक हळूच उठून उभं राहिलंय.

ही गिटार फ्रान्सिस मास्तरांची. छावणीत त्यांचा बँड होता, आणि बद्रीनाथ तरुणपणी दर रविवारी सायकल मारत त्यांच्याकडं शिकायला जायचे. बारा वर्षं गेले. मास्तरांचा नेम कडक होता, "आधी हात, मग पाय." बारा वर्षं त्यांनी हात शिकवला. पुढच्या रविवारपासून पाय, असं म्हणाले आणि त्याच आठवड्यात वारले. आता इतक्या वर्षांनी घर रिकामं करताना मास्तरांच्या मुलीनं फोन केला होता. बाबांकडं सगळ्यात जास्त दिवस तुम्हीच आलात, न्या, म्हणाली. मास्तर एक धून वाजवायचे, तिच्यात एका जागी सूर असा चढायचा की रडणाऱ्या माणसाला मधेच हसू फुटावं. ती जागा पायाची होती. बद्रीनाथांना ती एकदा, फक्त एकदा, स्वतः वाजवायची होती. नाहीतर आपण जन्मभर निम्मेच शिकलो, हे त्यांच्या मनाला फार लागत होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखंही नव्हतं.

सुरेखाबाईंना मात्र त्यांनी सांगितलं. त्या खिडकीजवळ शिलाई मशीनवर बसल्या होत्या. त्यांचं माहेर पैठण. पैठणीवरचे ब्लाउज शिवण्यात सबंध सिडकोत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. खरं तर पाय धरणारं म्हणायला हवं, कारण मशीन पायाचं होतं, वडिलांनी लग्नात दिलेलं, आणि त्याला मोटर बसवायला त्या ठाम नकार द्यायच्या. "मोटर सुटते उधळल्यासारखी. काठाला काठ जुळवायचा तर पायाला कळावं लागतं, कुठं अर्धा टाका थांबायचं ते."

त्यांनी गिटारकडं पाहिलं, नवऱ्याकडं पाहिलं. "दसऱ्यापर्यंत," त्या म्हणाल्या. "खंडेनवमीचं आपल्या घरचं ठरलेलं आहे. चालतं त्याला हळदकुंकू. चालत नाही ते दारात."

हे गमतीत नव्हतं. दरवर्षी खंडेनवमीला सुरेखाबाई घरातली सगळी अवजारं मांडून पुजायच्या, पण आधी प्रत्येक वस्तू चालवून बघायच्या. न चालणारी वस्तू नजीरभाई भंगारवाला त्याच दिवशी हातगाडीवर घालून न्यायचा. त्यालाही तारीख पाठ होती. मागच्या वर्षी बद्रीनाथांची व्यायामाची सायकल अशीच गेली. तिचं सगळं चालत होतं, पण ती कुणी चालवत नव्हतं, आणि बाईंच्या कायद्यात दोन्ही एकच.

बद्रीनाथांनी रीतसर फाइल उघडली. वर नस्तीचं नाव लिहिलं आणि आत त्रुटींची यादी केली. एक, तारा नाहीत. दोन, मूळचं पायडल गंजलेलं. तीन, उरलेली पायडलं नाहीत. चार, पाय येत नाही. चौथ्या त्रुटीपुढं त्यांनी कंसात 'किरकोळ' असं लिहिलं. तिथंच चुकलं, पण ते पुढं.

तारा आपल्याकडं मिळेनात. पुण्यात असलेल्या मुलीनं, प्रेरणानं, परदेशातून तीन संच मागवून दिले. ते मुंबईत येऊन सीमाशुल्कात अडकले. बद्रीनाथांच्या फोनवर संदेश आला, की आपल्या कागदपत्रांत त्रुटी आहेत, पूर्तता करावी. हा संदेश त्यांनी तीनदा वाचला. चौतीस वर्षं आपण लोकांना काय पाठवत होतो, हे त्यांना प्रथमच बाहेरच्या बाजूनं दिसलं. चहा तसाच गार झाला.

अर्जात 'वस्तूचा उपयोग' असा रकाना होता. त्यांनी 'स्वतःच्या समाधानासाठी' असं लिहिलं. अर्ज परत आला, उपयोग स्पष्ट करावा. मग त्यांनी संदर्भ एक ते पाच देऊन अडीच पानांचं पत्र लिहिलं. त्यावर कुरिअरच्या बाईचा फोन आला.

"सर, आपने पेडल लिखा है, स्टील भी लिखा है. गाडी का पार्ट है क्या?"

"व्हय म्हणा," तात्या शेजारून कुजबुजले. ते सध्या चहाच्या वेळेला रोजच असायचे. "गाडीचाच हाय म्हणा, लवकर सुटंल."

पण बद्रीनाथ खोटं बोलणाऱ्यांतले नव्हते. त्यांनी बाईंना गिटार काय, सूर म्हणजे काय, मास्तर कोण, हे सगळं सांगितलं. त्या माउलीनं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "तो सर, म्यूजिक लिख दूँ?" दीड महिन्याचं काम एका शब्दात झालं. बद्रीनाथांना आनंद व्हायला हवा होता, पण ते अडीच पानी पत्र कुणी वाचलंच नाही, याचंच त्यांना जास्त वाईट वाटलं.

तोवर पितृपंधरवडा लागला होता. वडिलांच्या श्राद्धासाठी सुरेखाबाई पैठणला गेल्या. घटस्थापनेला येते म्हणाल्या, आणि जाण्याआधी घरात कसलीतरी आवराआवर करून गेल्या. बद्रीनाथ तेव्हा झेरॉक्सच्या दुकानात होते. परत आले तेव्हा खिडकीजवळची जागा मोकळी होती. खिडकी का मोकळी आहे, हा प्रश्न कोणत्याही नवऱ्याला पडायला हवा होता. ह्यांना पडला नाही. ह्यांनी खूश होऊन गिटार तिथं नेऊन ठेवली.

मग ते चिकलठाण्याला सांडूमिस्त्रीकडं गेले. सांडूमिस्त्री फाटकं आणि ग्रिल करायचा, पण त्याआधी वीस वर्षं कारखान्याच्या टूलरूममध्ये होता, त्यामुळं हात बारीक कामाचा. गिटारचे फोटो त्यानं चष्मा वर करून बघितले.

"जुनं पायडल मी साफ करतो. नवी दोन कशाला, एकच करू, दोन्हीकडं झुलणारं. चवडा दाबला की ह्या तारा ताणल्या, टाच दाबली की त्या ढिल्या. स्कूटरची क्लच वायर घालू मधी. पर झुलता पत्रा पायजे, आसात जरा बी खेळ नसलेला. असलं बीड, वतीव लोखंड, आता कोण वततंय? जुन्या शिलाई मशीनचं पायडल हाय का घरात?"

बद्रीनाथांच्या डोक्यात उजेड पडला. होतं. त्यांच्या आईचं, चतुराबाईंचं जुनं मशीन जिन्याखाली चादरीत गुंडाळून ठेवलेलं होतं. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नव्हता.

"पितरपाटात नवं काम काढू नका," तात्यांनी बजावलं.

"नवं कुठं आहे, साठ वर्षांचं जुनं आहे," बद्रीनाथ म्हणाले. हा युक्तिवाद त्यांना इतका आवडला की त्यांनी तो फाइलमध्ये नोंदवून ठेवला. मग जिन्याखाली हात घालून, चादर जेवढ्यास तेवढी उचलून, त्यांनी पायडल सोडवलं. इतकी वर्षं पडून असलेल्या पायडलाला ताजं तेल कसं, हाही एक प्रश्न होता. तोही पडला नाही.

सांडूमिस्त्रीनं चार दिवसांत काम केलं. पितळी टाके मारून पायडल असं बसवलं की देखते रहो. "आता बिल्डिंग पडंल, पर हे नाय निघायचं," तो म्हणाला. बद्रीनाथांना हे आश्वासन वाटलं.

घटस्थापनेच्या सकाळी सुरेखाबाई आल्या. हातपाय धुतले, घट बसवला, दुपारी जिन्याखालची चादर काढली. दसऱ्यापर्यंत अकरा ब्लाउज द्यायचे होते. मशीन पुढं ओढलं, तर खाली पायडलच नव्हतं. मग त्या पुढच्या खोलीत आल्या आणि गिटारच्या खाली, खिडकीच्या उजेडात, त्यांना आपलं पायडल दिसलं.

"सासूबाईंचं मशीन मी गच्चीवर नेऊन ठेवलं," त्या सावकाश म्हणाल्या. "माझं जिन्याखाली ढकललं. म्हटलं, ह्यांच्या गिटारला खिडकीजवळ जागा होईल. मी तुमच्यासाठी माझी जागा सोडली, आणि तुम्ही माझा पायच कापून नेला."

जमिनीनं आपल्याला पोटात घ्यावं, असं बद्रीनाथांना वाटलं. त्यांनी तिथूनच सांडूमिस्त्रीला फोन लावला. "काढायला गेलं तर तडकंल साहेब," तिकडून उत्तर आलं. "बिडाचं हाय. मी बोललो व्हतो ना, निघायचं नाय."

त्यांनी गुडघे दुखत असताना गच्चीवर जाऊन आईच्या मशीनचं पायडल सोडवून आणलं, सुरेखाबाईंच्या मशीनला बसवलं. ते बसलं, पण चालताना कुरकुरायचं आणि मधेच उलटं फिरायचं. सुरेखाबाई म्हणाल्या, चतुराबाईंनी हयातीत सुनेचं कधी ऐकलं नाही, आता त्यांचं पायडल कुठून ऐकणार. एवढं एकच वाक्य त्या बोलल्या. चहा मिळत होता, पण तो कपबशीतून नाही, स्टीलच्या पेल्यातून. ज्याचं लग्न होऊन एकतीस वर्षं झालीत त्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही.

आता निदान गिटार वाजली पाहिजे होती. ती वाजली नाही, तर बाईंचं पायडल गिटारबरोबर भंगारात जाणार, आणि मग या घरात काय बोलायला तोंड राहणार. बद्रीनाथ रोज दुपारी बसायचे. हात अजून शाबूत होता. कांब फिरायची तशी फिरायची, नख्या तारेवर नेमक्या पडायच्या. पण ती जागा यायची आणि त्यांचा उजवा पाय पायडलावर पडायचा तो धाडकन. सगळं आयुष्य त्यांनी स्कूटर चालवली होती, आणि त्यांच्या उजव्या पायाला दाबणं म्हणजे ब्रेक एवढंच माहीत होतं. तार तट्‌कन तुटायची.

"पाय हलका ठेवा," तात्या खुर्ची ओढून सांगायचे. "घाटात हाफ क्लच मारतो तसं. सोडायचं बी नाय, दाबायचं बी नाय."

"मला घाट चालवता येत नाही, तात्या."

"तेच म्हणलं मी. गाडी चालवायची, तर डायव्हर पायजे."

पहिला संच सहा दिवसांत संपला, दुसरा अष्टमीला. फाइलमध्ये चौथ्या त्रुटीपुढचा 'किरकोळ' शब्द बद्रीनाथांनी स्वतःच्या हातानं खोडला. तोही शाईच्या पेनानं, पेन्सिलीनं नाही.

खंडेनवमी उजाडली. पुढच्या खोलीत पाटावर सगळं मांडलं होतं. कात्र्या, विळी, खलबत्ता, नटबोल्टचे पाने, स्कूटरची किल्ली, प्रेरणाचा जुना लॅपटॉप, कुरकुरणारं मशीन. खिडकीजवळ गिटार, तिसरा आणि शेवटचा तारांचा संच चढवलेला. तात्या आंघोळ करून आले होते. फाटकात नजीरभाईची हातगाडी लागली होती.

बद्रीनाथ बसले. मास्तरांची धून सुरू केली. नजीरभाई उंबऱ्याशी येऊन थांबला. धून चालत चालत त्या जागेपाशी आली, आणि बद्रीनाथांचा पाय हवेतच थांबला. दाबला तर तार तुटणार, आणि दुसरी घरात नव्हती. त्यांनी घाबरत घाबरत टेकवला. गिटारमधून बकरीचं करडू अडकल्यासारखा आवाज आला.

त्यांनी बोटांतल्या नख्या काढल्या. फार शांतपणे काढल्या. "न्या, नजीरभाई," ते म्हणाले. "मला पाय आला नाही."

तात्यांनाही सल्ला सुचला नाही, यावरून काय ते समजावं.

सुरेखाबाई हळदकुंकवाचं ताट घेऊन पुढं आल्या. "थांबा," त्या म्हणाल्या. "पायडल माझं आहे. एकतीस वर्षं पुजलंय. जायच्या आधी बोट लावते." त्या गिटारच्या पलीकडच्या बाजूला, नवऱ्याच्या समोर, पाटावर बसल्या. पायडलाला हळद लावली, कुंकू लावलं. पूजा झाली की त्या दरवर्षी मशीन एकदा चालवून एक टाका घालायच्या. तशाच सवयीनं त्यांनी चवडा ठेवला आणि हलकेच झुलवला.

बद्रीनाथांचा डावा हात उठता उठता कांबेसकट तारांना घसटला होता. तारा अजून गुणगुणत होत्या. त्यातली एक हळूच उठून उभी राहिली.

दोघंही थबकले.

"परत करा," बद्रीनाथ म्हणाले. त्यांनी नख्या चढवल्या, तारा छेडल्या. बाईंनी पाय झुलवला.

"लवकर आला."

"लवकर नाही आला. तुमचा हात मागं राहिला." सुरेखाबाईंनी पदर खोचला आणि पाट पुढं ओढला. "मला सांगा, काठ कुठं जुळवायचाय?"

बद्रीनाथांनी धून गुणगुणून ती जागा दाखवली. बाईंनी दोनदा ऐकली, मान हलवली. मग दोघांनी धून पहिल्यापासून धरली. हात ह्यांचा, पाय त्यांचा, मधे गिटार. ती जागा आली. सुरेखाबाईंचा पाय अर्धा टाका थांबला, आणि मग इतका सावकाश उतरला की सूर कधी निघाला आणि कधी वर पोचला ते कळलंच नाही. रडता रडता हसू फुटलं. बद्रीनाथांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही, कारण दोन्ही हात कामात होते.

धून संपली. तात्यांनी घसा खाकरला. "हाफ क्लच," ते अगदी हळू म्हणाले.

नजीरभाईनं चपला घातल्या. "भाभी, ये तो चालू माल है," तो म्हणाला. "चालू माल हम नहीं उठाते." आणि रिकामी हातगाडी घेऊन तो निघाला. तात्या त्याच्यामागं फाटकापर्यंत गेले. त्यांच्याकडं एक पंखा होता म्हणे, सल्ल्यानं दुरुस्त न होणारा.

सुरेखाबाईंनी गिटारला कुंकू लावलं. "रोज पाच वाजता," त्या म्हणाल्या. "ब्लाउज झाले की. आणि सासूबाईंचं पायडल सांडूकडून सरळ करून आणायचं, उद्याच."

त्या दुपारी चहा कपबशीतून आला. बद्रीनाथांनी फाइल काढली. त्रुटी क्रमांक चार, पाय येत नाही, यापुढं त्यांनी वळणदार अक्षरात लिहिलं, 'पूर्तता झाली. सोबत जोडले आहे : सौ. सुरेखा.'

सुरेखाबाईंनी कप ठेवता ठेवता खांद्यावरून वाचलं. "सोबत जोडले? मी काय झेरॉक्स आहे?"

बद्रीनाथांनी चौतीस वर्षांत कुणाच्या सांगण्यावरून स्वतःचा शेरा बदलला नव्हता. त्यांनी चष्मा पुसला, ते शब्द खोडले आणि वर लिहिलं, 'मूळ प्रत.'